हात बसलाय, आता माणसं सांभाळायची आहेत

एका तरुण पशुवैद्यकानं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीनंतर सात वर्षं प्राण्यांच्या एका मोठ्या दवाखान्यात काम झालंय, शस्त्रक्रियेत हात चांगला बसलाय, आणि आता तिथलीच प्रमुखाची जागा देऊ केली आहे. हाताखाली बारा माणसं येणार, त्यातली चार वयानं आणि अनुभवानं मोठी. 'उपचारांची मला भीती नाही, पण नेतृत्व शिकायचं कुठे? ते करताना शस्त्रक्रिया सोडावी लागेल का?'

मी २८ वर्षं या व्यवसायात आहे. त्यातली १६ वर्षं प्रमुख म्हणून काढली, आणि त्या १६ मधली पहिली चार मी चुकीच्या समजुतीत घालवली. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

ही जागा तुम्हाला तुमच्या हातांमुळे मिळाली आहे. पण जागेवर बसल्या दिवसापासून मोजमाप बदलतं. तुम्ही पोट फिरलेल्या कुत्र्यावर किती सफाईनं शस्त्रक्रिया करता, हे आता कुणी फारसं पाहणार नाही. तुम्ही रजेवर असताना रात्री दोन वाजता तोच कुत्रा आला, पाळीवर दोन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली डॉक्टर आणि एक सहायक एवढेच होते, तर त्या कुत्र्याचं काय झालं, यावर तुमचं काम ठरणार. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होते की प्रमुख म्हणजे सगळ्यांत अवघड केस जिच्याकडे येते ती. ही समजूत मोडायला एक जीव गेला. ती हकिगत सांगितल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

तीन वर्षांची मांजर होती, नसबंदीसाठी आलेली, ठणठणीत. त्या दिवशी यादी मोठी होती. भुलेचं यंत्र मीच तपासलं. तपासताना जास्तीचा वायू बाहेर सोडणारी झडप बंद करायची, यंत्राला जोडलेली श्वासाची पिशवी फुगवायची, दाब टिकतो का पाहायचं आणि मग झडप पुन्हा उघडायची, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी उघडायला विसरले. मांजर जोडली, ऑक्सिजन सुरू राहिला, बाहेर जायला वाट नाही. अशा वेळी पिशवी फुगत जाते, फुप्फुसांतला दाब वाढतो, छातीतल्या शिरा दाबल्या जाऊन हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. मांजरीएवढ्या जीवाला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

टेबलाच्या डोक्याकडे एक सहायक उभी होती, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. पिशवी तणतणीत फुगलेली तिला दिसली होती. आठ दिवसांपूर्वी असंच काहीतरी तिनं मध्येच विचारलं, तेव्हा मी सगळ्यांदेखत तिला म्हणाले होते, 'तू तुझं काम बघ.' म्हणून त्या दिवशी ती खात्री होईपर्यंत थांबली. आधी मॉनिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे. तिनं तोंड उघडलं तेव्हा हृदय थांबत आलं होतं. आम्ही सगळं केलं. मांजर परत आली नाही.

संध्याकाळी मालकीणबाईंना मी सांगितलं की यंत्राची झडप उघडायची राहून गेली, चूक आमची आहे. त्यांनी विचारलं, 'आमची म्हणजे कोणाची?' मी म्हणाले, माझी. त्या बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत.

यानंतर दोन गोष्टी बदलायच्या होत्या. यंत्राची गोष्ट सोपी होती. दाबून धरलं तरच बंद राहते आणि बोट काढलं की आपोआप उघडते, अशी झडप मिळते; ती बसवली. जुन्या यंत्रासाठी नियम केला की झडप बंद असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही, फोन वाजो की दार वाजो. हा नियम आठवड्याभरात अंगवळणी पडला.

माझं वागणं बदलायला मात्र वर्ष लागलं. त्या सहायकाची मी माफी मागितली ती सगळ्यांसमोर, कारण ओरडले होते तेही सगळ्यांसमोर. आणि सांगितलं की टेबलावर प्राणी असताना कुणीही, अगदी काल लागलेल्या माणसानंसुद्धा, 'थांबा' म्हटलं तर मी हात थांबवीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचे कित्येक महिने कुणीही 'थांबा' म्हटलं नाही. माणसं शब्दांवर विश्वास ठेवत नाहीत आणि ठेवूही नये. ती पाहत असतात. शेवटी एकदा एका परिचरानं मला थांबवलं. श्वासनलिकेतली नळी सरकली आहे, असं त्याला वाटलं. मी थांबले, तपासलं. नळी जागेवर होती.

त्या क्षणी मी काय करते, याकडे खोलीतली चारही माणसं पाहत होती. मी नुसता सुस्कारा टाकला असता तरी सगळं मुसळ केरात गेलं असतं. मी म्हणाले, 'बरं झालं बघितलं,' आणि कामाला लागले. खरी सूचना ऐकून घेणं अवघड नसतं, कारण तिनं आपला फायदा होतो. खोटी ठरलेली सूचना कशी घेता, यावर पुढची खरी सूचना तुमच्यापर्यंत येते की नाही हे ठरतं. नेतृत्वाबद्दल मला एकच वाक्य सांगायची मुभा असती, तर मी हे सांगितलं असतं.

याला माझ्या अनुभवापलीकडचाही आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात माणसांच्या रुग्णालयांमध्ये औषध देण्यातल्या चुका अभ्यासल्या. अपेक्षा अशी होती की ज्या वॉर्डात एकोपा चांगला, तिथे चुका कमी. आकडे आले उलटे: चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं की तिथली माणसं चुका बिनधास्त सांगत होती, इतर ठिकाणी त्या लपत होत्या. तेव्हा तुम्ही प्रमुख झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत चुकांची वही भरू लागली तर घाबरू नका. वही कोरी राहिली तर मात्र घाबरा. त्या वहीत पहिली नोंद तुमच्या स्वतःच्या चुकीची असू द्या, तारखेसकट, आणि महिन्याच्या बैठकीत ती तुम्हीच वाचा.

शस्त्रक्रियेआधीची तपासणी यादी अनेक ठिकाणी भिंतीवर नुसती चिकटलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये माणसांसाठी १९ मुद्द्यांची अशी यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांमध्ये ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. तिच्यातला एक मुद्दा लोकांना वेळ घालवणारा वाटतो: सुरुवात करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं स्वतःचं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. रोज एकमेकांना पाहणाऱ्या माणसांनी नावं कशाला सांगायची? कारण ज्या माणसानं त्या खोलीत एकदा तोंड उघडलं, त्याला दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. आमच्याकडे हा मुद्दा पाळला जातो, अगदी दोघंच असलो तरी.

भुलेबद्दलच आणखी एक सांगते, कारण पाळ्या लावणं हे नेतृत्वाचं काम आहे आणि ते प्रमुखाला कुणी शिकवत नाही. ब्रिटनमध्ये ११७ दवाखान्यांत झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भुलेशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळले. त्यातले कुत्र्यांचे जवळजवळ निम्मे आणि मांजरांचे सुमारे ६० टक्के मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरचे होते, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या तीन तासांतले. म्हणजे टाके पूर्ण झाले, डॉक्टर हात धुऊन पुढच्या केसकडे गेले, आणि मागे पिंजऱ्यात प्राणी एकटा. डॉक्टरच्या नजरेला ही वेळ संपलेली दिसते. प्रमुखाच्या नजरेला ती आता सुरू झालेली दिसली पाहिजे. त्या तीन तासांसाठी फळ्यावर एका माणसाचं नाव लिहिलेलं असावं. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' असं म्हटलं की लक्ष कुणाचंच राहत नाही.

आता काम दुसऱ्याच्या हाती देण्याबद्दल. चांगल्या शल्यविशारदाला सगळ्यांत जड जाणारी गोष्ट हीच. माझ्या हाताखालच्या एका डॉक्टरनं पहिलं सिझेरियन केलं तेव्हा मी पलीकडे हातमोजे घालून उभी होते. तिला गर्भाशय बाहेर घ्यायला मला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागला. माझे हात शिवशिवत होते. वेळ लागतोय म्हणजे प्राण्याला धोका आहे असं नाही, हे स्वतःला सतत सांगावं लागलं. कधी हस्तक्षेप करायचा याची खूण आम्ही आधीच ठरवून ठेवली होती: रक्तस्राव अमुक इतका झाला, रक्तदाब अमुक आकड्याखाली गेला किंवा तिनं स्वतः हाक मारली, तर. यांतलं काहीही न घडता मी हात घातला असता तर मी फक्त माझी बेचैनी शमवली असती, आणि तिनं धडा घेतला असता की तिच्यावर भरवसा नाही.

हात सोडण्याच्या पायऱ्या असतात. आधी तिनं पाहायचं, मग दोघींनी मिळून करायचं, मग तिनं करायचं आणि मी समोर उभं राहायचं. पुढे मी शेजारच्या खोलीत, आणि शेवटी मी फक्त फोनवर. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या पायरीवरून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली जाते, तीही रात्रपाळीत. 'गर्भाशयाला पीळ पडलेली गाय पहाटे तीनला आली आणि मी एकटाच होतो,' ही हकिगत आमच्या व्यवसायात बाणेदारपणे सांगितली जाते. मला ती ऐकताना आता राग येतो. तो तरुण डॉक्टर तरला असेल, गायही तरली असेल, पण त्याला तिथे एकटं सोडणाऱ्या प्रमुखाचं त्यात काहीच कर्तृत्व नाही. नव्या डॉक्टरला पहिल्या रात्रपाळीआधी लेखी सांगा की कोणत्या गोष्टींसाठी त्यानं तुम्हाला उठवलंच पाहिजे. 'वाटलं तर फोन कर' असं सांगू नका. फोन न करणं म्हणजेच हुशारी, असा अर्थ त्यातून निघतो.

तुमच्यापेक्षा मोठी असलेली ती चार माणसं. त्यांची मनं जिंकायच्या खटपटीत पडू नका, आणि अधिकार दाखवायच्याही. पहिल्या महिन्यात प्रत्येकाबरोबर दार लावून अर्धा तास बसा आणि दोनच प्रश्न विचारा: इथलं काय अजिबात बदलू नये, आणि मी न विचारता मला काय कळणार नाही? मग गप्प राहा. २० वर्षं जनावरं धरणाऱ्या परिचराला घोड्याचा कान कुठे वळला यावरून लाथ कधी येणार ते आधी कळतं. हे ज्ञान कुठल्याही परीक्षेत नाही, आणि ते त्याच्याकडे आहे हे तुम्ही मोठ्यानं मान्य केलंत तर तो तुमचा होतो. पण त्यांतलाच कुणी प्राण्याला मारत असेल, नोंदी खोट्या करत असेल किंवा कनिष्ठांना रडवत असेल, तर वय आड येऊ देऊ नका. त्याच दिवशी, बंद खोलीत, घडलेल्या कृतीबद्दल बोला. माणसाच्या स्वभावाबद्दल नको. 'तुम्ही आज असं केलंत' याला उत्तर देता येतं. 'तुम्ही असेच आहात' याला देता येत नाही. मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं असं वागणं दोन वर्षं पोटात घातलं, कारण त्यांचा हात फार सुंदर चालायचा. त्या दोन वर्षांत तीन चांगली माणसं सोडून गेली. जाताना तिघांनीही कारण सांगितलं 'घरगुती'.

यापुढचा विषय मी टाळू शकत नाही. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत आत्महत्येनं मृत्यू होण्याचं प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट आणि स्त्रियांत ३.५ पट आढळलं. हा आकडा तुमच्या बारा माणसांपर्यंत आणून पाहा. आपल्या कामात एकाच तासात पहिल्या लसीसाठी आलेलं पिल्लू आणि १४ वर्षांचा कुत्रा शेवटची सुई घ्यायला, असे दोन्ही येतात, आणि दोन्ही खोल्यांत आपल्याला योग्य चेहरा घेऊन जावं लागतं. त्यातही सगळ्यांत जड असतं ते बरं होण्याजोग्या प्राण्याला दयामरण द्यावं लागणं.

यात प्रमुखाला पुष्कळ करता येतं. दयामरणाच्या केसेस एकाच डॉक्टरकडे लागोपाठ येणार नाहीत अशी वाटणी करता येते. प्रत्येकीनंतर १५ मिनिटं मोकळी ठेवता येतात. 'मला हे पटत नाही, मी करणार नाही' असं म्हणायचा हक्क सगळ्यांना देता येतो, आणि मग मालकाशी पुढचं बोलणं तुम्ही स्वतः करायचं असतं. ओरडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या मालकासमोर कनिष्ठ डॉक्टरला उभं ठेवू नका. तुम्ही बाहेर या. घातक औषधांचं कपाट, त्याची किल्ली आणि दोन सह्यांची वही या गोष्टी हिशेबासाठी असतात तशा जीव वाचवण्यासाठीही असतात. आणि कुणी गप्प गप्प होऊ लागलं, आवडीच्या केसेस सोडू लागलं, तर 'सगळं ठीक ना?' असं दारातून विचारून पुढे जाऊ नका. बसा, सरळ शब्दांत विचारा, ऐका, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला वेळ आणि रजा काढून द्या. हे तुम्हालाही लागू आहे. मांजरीच्या त्या घटनेनंतर मी स्वतः मदत घेतली आणि ती घेतल्याचं माझ्या माणसांना सांगितलं. त्यानंतर दोघांनी मला येऊन सांगितलं की त्यांनाही हवी आहे.

पैशांबद्दल थोडंच सांगते. दवाखान्याचा जमाखर्च वाचायला पहिल्या तीन महिन्यांत शिका. तो वाचता येत नसेल तर रात्रपाळीला दुसरा सहायक हवा, ही मागणी तुम्ही पटवून देऊ शकणार नाही.

नेतृत्व दवाखान्याच्या भिंतींपाशी संपत नाही. त्यासाठी बुळकांडीचं, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथरोगाचं, उदाहरण पाहा. १९२० साली दक्षिण आशियातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे हा रोग पसरला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये प्राण्यांच्या आरोग्यासाठी जागतिक संघटना उभी केली. १९६०च्या सुमारास वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात खात्रीची लस तयार केली. तरीही रोग संपायला २०११ उजाडलं. माणसांच्या देवीनंतर जगातून नाहीसा झालेला हा दुसरा रोग.

चांगली लस हातात असताना मधली इतकी वर्षं कशात गेली? एक अडचण थंडपेटीची होती: लस सतत थंड ठेवावी लागे. पुढे उष्णतेत टिकणारी लस तयार झाली, ती थंडपेटीशिवाय काही आठवडे चालत असे. दुसरी अडचण आपल्याच व्यवसायातली होती. पूर्व आफ्रिकेतल्या दुर्गम कुरणांत, जिथे युद्ध आणि अंतर यांमुळे पशुवैद्यक पोहोचत नव्हते, तिथल्या गुराख्यांनाच निवडून, शिकवून त्यांच्या हाती लस द्यायची, हे अनेक पशुवैद्यकांना मान्य नव्हतं. ज्यांनी तो विरोध पत्करून गुराख्यांना शिकवलं, त्यांच्याजवळ बसून रोगाची त्यांच्या बोलीतली नावं आणि लक्षणं टिपून घेतली, त्यांना रोग शेवटी कुठे दडलाय ते कळलं. गुराख्यांना ते आधीच ठाऊक होतं. पदवी नसलेल्या माणसाचं ऐकण्यात या लोकांना कमीपणा वाटला नाही, आणि एक रोग जगातून गेला. माझ्या त्या सहायकाला पिशवी दिसली होती. इथे गुराख्यांना रोग दिसत होता.

तुमच्या भागात प्रतिजैविकं किती आणि कशी वापरली जातात, जनावरांतून माणसांत जाणाऱ्या रोगांची खबर वेळेवर दिली जाते का, यांत तुमच्या दवाखान्यानं पुढाकार घ्यावा असं मला वाटतं. पण पहिल्या वर्षी नको. पहिल्या वर्षी घरातली झडप उघडी आहे ना, ते पाहा.

शेवटचा प्रश्न शस्त्रक्रियेचा. सोडू नका. आठवड्यातले दोन दिवस ठेवा. हात चालता राहिला की तुमच्या यादीतल्या कुठल्या ओळी नुसत्या कागदावर आहेत, ते तुम्हालाच टेबलावर कळतं. मात्र त्या दोन दिवसांत प्रमुखपण दुसऱ्या कुणाकडे नाव घेऊन सोपवा आणि फोन त्याच्याकडे द्या. केसेस निवडताना सगळ्यांत रंगतदार केस स्वतःकडे ठेवू नका. ती ज्याला शिकायची आहे त्याला द्या आणि तुम्ही त्याच्या समोर उभे राहा. भुलेकडे बघायला त्या दिवशी सर्वांत नवं माणूस असेल, तर सुरुवात करण्याआधी त्याला नाव विचारा, जरी ते ठाऊक असलं तरी.